एका घराच्या दोन स्लावा

ऑलिवेराला गेले चार महिने एकच वेड लागलं होतं, आणि ते एक्सएमएलचं होतं, म्हणजे माहितीला खुणा लावून ती संगणकाला समजेल अशी मांडायची पद्धत. सत्तेचाळिसाव्या वर्षी बाईने वेड लावून घ्यायचं तर ते असलं. दर शनिवारी सकाळी वाल्येव्होच्या वाचनालयात वरच्या मजल्यावर वर्ग भरायचा, आणि ही बेकरीतली पहाटेची पाळी उरकून, केसांत पीठ तसंच ठेवून पहिल्या बाकावर हजर. खूण उघडली की मिटायची. डब्यात डबा, त्यात आणखी डबा, आणि प्रत्येक डब्यावर त्याचं नाव. तिला हे इतकं पटलं होतं की घरी फळीवरच्या बरण्या पुसतानासुद्धा ती मनातल्या मनात खुणा लावत बसायची.

आज परीक्षा होती. आपापल्या धंद्यातली माहिती आणायची, ती कशी असावी याचे नियम वेगळ्या फाइलीत लिहायचे, मशीनकडून तपासून घ्यायची आणि शेवटी तिचं वेबपान करून दाखवायचं. ऑलिवेराने बेकरीतल्या स्लावेच्या पावांच्या चिठ्ठ्या आणल्या होत्या, तीनशे बारा घरांच्या. प्रत्येक घराचा एक संत, त्याचा दिवस म्हणजे त्या घराची स्लावा, आणि त्या दिवशी टेबलावर नक्षीचा पाव नसला तर पाहुण्यांना तोंड दाखवायची सोय नाही. बापाची स्लावा मुलाला, मुलाची नातवाला. बाई लग्न करून आली की नवऱ्याची पाळते.

बारा वाजता बेकरीचे मालक मिलुतिन येणार होते. पान नीट चाललं तर ऑर्डरी घ्यायचं टेबल ऑलिवेराला, नाही तर त्यांच्या पुतण्याला. तिला ते हवंच होतं. वीस वर्षं पीठ हुंगून तिची छाती शिट्ट्या मारायला लागली होती, आणि भट्टीपासून लांब राहा असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

साडेअकराला तिने तपासणीचं बटण दाबलं. एकच लाल ओळ आली. घर क्रमांक सत्त्याऐंशी: स्लावा एकदाच चालेल, दोनदा आली आहे.

"दोन-दोन स्लावा?" शेजारच्या प्रेद्रागने मान लांब केली. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला हा गडी दुसऱ्याच्या पडद्यावर फार रमायचा. "कोण गं एवढा देवभोळा? एक पुसून टाक. हिरवं झालं की सुटलीस."

शिकवणारा वुकाशिन मागे येऊन उभा राहिला. "मावशी, एकच स्लावा हा नियम तुम्हीच लिहिलात ना?"

"मग काय लिहिणार? इथलं शेंबडं पोरसुद्धा हेच सांगेल."

तिने सत्त्याऐंशीवं घर उघडलं. घर मिलुतिन मालकांचं होतं. पहिली स्लावा निकोल्यदान, एकोणीस डिसेंबर, दोन किलो. तिच्याखाली म्रातिंदान, चोवीस नोव्हेंबर, अर्धा किलो. ही दुसरी चिठ्ठी मालकीणबाई कोसारांची.

मिलुतिन घरजावई. घर सासऱ्याचं, बेकरीही सासऱ्याची. अशा जावयाने आपल्या स्लावेबरोबर सासरचीही चालवायची, ही रीत. सासरे होते तोवर चालली. ते गेले आणि मालकांनी ती बंद केली, कारण सासऱ्याच्या जिवावर उड्या मारतो हे टोमणे त्यांनी तरुणपणी पोटभर खाल्ले होते आणि ते अजून जिरले नव्हते. तेव्हापासून नऊ वर्षं कोसाराबाई गुपचूप चिठ्ठी द्यायच्या आणि सकाळीच लहानसा पाव घेऊन जायच्या. "लपवायचं नाही, मिरवायचंही नाही," त्या म्हणायच्या. "त्यांनी विचारलं तर सांग. पण ते कुठले विचारतायत."

"पूस ना," प्रेद्राग म्हणाला.

पुसायला एक कळ पुरली असती. मालकांना आवडलंच असतं. पण सोमवारपासून भट्टीवर पान बघूनच पाव पडणार, चिठ्ठ्या कोण चाळतोय? चोवीस तारखेला कोसाराबाई येणार आणि रिकाम्या हाताने परत जाणार. ते तिला बघवलं नसतं.

आणि तेव्हा तिला लख्ख कळलं की घर बरोबर आहे, चुकलाय तो नियम. नियम तर तिचाच होता, मग बदलायला कुणाला विचारायचं? तिला इतका आनंद झाला की ती खुर्चीतून अर्धी उठली. 'एकदाच' हे काढून तिने लिहिलं: निदान एकदा, पुढे कितीही. बटण दाबलं. हिरवं.

पान काढलं तर सत्त्याऐंशीव्या घरासमोर फक्त डिसेंबर.

"अरे, दुसरी गिळली कुणी?"

वुकाशिनने घड्याळाकडे पाहिलं, पण मदत करता येत नव्हती. परीक्षा होती ना. ऑलिवेरा पान घडवणाऱ्या साच्यावर बोट फिरवत राहिली. स्लावा दे म्हटलं की तो पहिली देतो आणि मोकळा होतो. प्रत्येक स्लावा दे, असं म्हणायला हवं. तिने तसं लिहिलं, घाईत एक खूण मिटायची राहिली, मशीनने ओरडून सांगितलं, ती मिटली. बाराला चार मिनिटं कमी असताना दोन्ही स्लावा एकाखाली एक येऊन बसल्या. प्रेद्रागने बाक बडवला. ऑलिवेराला वाटलं, आता टेबल मिळो न मिळो, हे आपल्याला येतं.

मालक आले, टोपी मांडीवर घेऊन बसले. "माझं घर दाखव आधी."

तिने दाखवलं. दोन ओळी वाचायला माणसाला इतका वेळ लागत नाही.

"हे म्रातिंदान कुणी घातलं?"

"चिठ्ठी होती, मालक. नऊ वर्षं असतेच."

"मला कुणी बोललं नाही."

"तुम्ही विचारलंत कुठे?" बोलून गेली आणि जीभ चावली. संपलं, टेबल पुतण्याच्या घशात.

मालक पडद्याकडेच बघत होते. "अर्ध्या किलोत किती जणांचं भागतं?"

"एका माणसाचं."

त्यांनी टोपी उलटीपालटी केली. "हा आकडा बदलता येतो का?"

"येतो की."

"दोन किलो कर. तिच्या माहेरची माणसं येतील, बोलवायला हवीत."

ऑलिवेराने आकडा बदलला आणि बटण दाबलं. हिरवं आलं, पानावर दोन किलो आले.

"इतक्यात झालंसुद्धा?"

"झालं."

मालक उठले, डोळ्यांच्या कडा अंगठ्याने पुसल्या आणि टोपी घातली. "पुतण्याला सांगतो," ते म्हणाले. "सोमवारपासून भट्टीवर तुझ्या जागी तो येईल."