शिवांजलीची भाकर मीच खाल्ली

मी म्हाळू बोलतोय. कुत्रं बोलतंय म्हणून हसू नका, गुमान ऐका.

परळीत थर्मलच्या, म्हंजी वीज बनवायच्या कारखान्याच्या, राखेत जन्मलो. शिवांजलीनं धुवून काढलं तवा कळलं, मी पांढरा हाय. ती सहा वर्षांची व्हती, आता सोळाची. मी म्हातारा झालो. शेपटीवर पाय पडला तर कुणाचा मुलाहिजा करत न्हाई.

माणसं लई हुशार, पण डोळे भलतीकडंच. शिवांजलीनं सोमवार धरला, तर तिची आजी मल्लम्मा गल्लीभर सांगत हिंडली, "आमची पोरगी वैजनाथाची लई भक्त!" मग प्रदोष आला. मग एकादशी बी आली. आमच्या महादेवाच्या घरात विठोबाची एकादशी कावून आली, हे विचारायचं कुणाला सुचलं न्हाई.

उरल्या वारी ती ताट घेऊन मागच्या पायरीवर बसायची, आन् भाकर माझ्या तोंडात. मला वाटलं, देव पावला. खोटं कशाला बोलू? आठ महिने मी तिचं जेवलो. माझं पोट जमिनीला टेकाय लागलं, तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकाय लागल्या. मल्लम्मा काठी दाखवायची ती मला. "काय फुगलंय मेलं!"

एका सोमवारी पोरगी देवळाच्या पायऱ्यांवरच चक्कर येऊन पडली. बीडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हनले, हा उपास न्हाई, आजार हाय. मल्लम्मा रडली. "मीच कवतिक करत बसले गं!"

तिथल्या मनाच्या डॉक्टर सायली मॅडम असल्या न जेवणाऱ्या पोरापोरींना कुत्र्यासंगं बसवत्यात. त्यांचा कुत्रा केसाळ, साबणाच्या वासाचा, माणसांना हात देणारा. शिवांजलीनं त्याच्याकडं बघितलं बी न्हाई. "माझा म्हाळू हाय घरी," म्हनली.

झालं! जीपीत घालून मला बीडला नेलं, सुई टोचली, नखं कापली. म्हातारपणी नोकरी लागली.

मॅडमनी शिवांजलीच्या आईला, ईश्वरीला, बजावलं, "म्हाळूला आधी पोटभर घाला. मग तो हिच्या पायाशी बसेल. हिच्या ताटाकडं टक लावायची नाही, खा-खा करायचं नाही. जड गेलं तर ही त्याच्या पाठीवर हात ठेवेल. आणि म्हाळूराव, हिच्या हातून घास घ्यायचा नाही!"

घरी आल्यावर चौथ्या दिवशी ईश्वरी वाढून बाजूला झाली. शिवांजलीचा हात माझ्या पाठीवर व्हता. मग तो ताटात गेला आन् माझ्या तोंडापुढं खाली आला. हातात भाकर, तूप लावलेली, वर शेंगदाण्याची चटणी. बांगड्या कोपरापासून खळखळ घसरत मनगटावर आल्या.

मी तोंड फिरवलं. जन्मात पहिल्यांदा.

"घे ना रे."

मी भिंत बघत बसलो.

"तू बी त्यांच्यातलाच झालास व्हय?"

रडली. मग हसली, कारण माझी लाळ तिच्या पायावर गळत व्हती. आन् त्या भाकरीचा तुकडा मोडून तिनं सोताच्या तोंडात घातला. लई येळ चावत बसली. माझ्या पायाला मुंग्या आल्या, पण मी हललो न्हाई.

आता कधी अर्धी भाकर जाती, कधी तीनच घास. बीडच्या खेपा चालू हायेत. सोमवार मल्लम्मानं सोताकडं घेतला. मी वाळलो, त्याचं कवतिक कुणी करत न्हाई.

तर बाबांनो, घरचं कुत्रं फुगाय लागलं तर काठी उचलू नका. आदी लेकराच्या बांगड्या कुठवर सरकल्यात ते बघा. आन् आता मला बोलत ठेवू नका. ताट वाढलंय, माझी बसायची येळ झाली.