वेणीपुरती गोष्ट

लंबूला काय द्यायचं यावरून आमच्या घरी दोन दिवस नुसता खल चालला होता. आई म्हणे झबली दे. बाबा म्हणे फळं दे, फळं कधी वाया जात नाहीत. मी दोघांना सांगितलं की भेट माझी आहे, तर डोकंही माझंच चालेल. हल्ली मी असं बोलते. पूर्वी मी तोंडच उघडायचे नाही, सदा मूग गिळून बसलेली, म्हणून तर लंबूने माझं नाव मुगी ठेवलं होतं.

लंबू म्हणजे वरच्या मजल्यावरची ताई. ताई म्हटलेलं तिला खपायचं नाही. "मी तुझी मैत्रीण आहे, वयाचं काय घेऊन बसलीस," असं ती मला मी पहिलीत असताना म्हणाली होती, आणि मी ते गंभीरपणे घेतलं होतं. ती उंच इतकी की आमच्या दारातून आत येताना मान वाकवायची. आता ती लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि तिला बाळ होणार आहे. म्हणजे व्हायला हवं होतं. तारीख उलटून गेली तरी बाळ ढिम्म.

शेवटी आईचं ऐकून झबलंच घेतलं आणि मी तिच्याकडे गेले, तेव्हा ते पिशवीतून काढायचीसुद्धा लाज वाटली. पलंगावर झबल्यांचा ढीग पडला होता. दुपटी, टोपडी, मोजे. एवढ्यात एक पाळणाघर निघालं असतं.

"ठेव तिकडे," लंबू म्हणाली. "सगळं त्याचंच आहे. मी आपली नुसती पोस्टमन."

"परवा ना?"

"परवा सकाळी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे काही आपणहून हलायचं नाव घेत नाही, तर औषध देऊन कळा सुरू करू. मग पडून राहायचं. दिवसभर लागेल, जास्तही लागेल, सांगता येत नाही." ती दुपट्याची घडी मोडून पुन्हा घालत होती. "आपोआप सुरू झालं असतं ना मुगे, तर घाबरायला वेळच मिळाला नसता. आता मला तारीख देऊन घाबरायला बोलावलंय."

मी काहीतरी विनोद करायला गेले, पण जमला नाही. लंबूला मी कधी घाबरलेलं पाहिलंच नव्हतं. बोलता बोलता ती केस वर बांधायला गेली. कमरेखाली जाणारे केस तिचे. हात डोक्यापर्यंत गेले, तिला धाप लागली, आणि ती तशीच हात खाली टाकून हसली. "जाऊ दे. तिथे कोण बघतंय."

परतीच्या बसमध्ये मला तोच हात दिसत राहिला. त्या हाताने माझी सगळी प्राथमिक शाळा विंचरली होती.

आई बेकरीत कामाला. पाव पहाटे भाजतात, त्यामुळे मी उठायच्या आधी ती गेलेली असायची. बाबांनी एकदाच माझी वेणी घातली. बाईंनी वर्गात विचारलं, वाटेत कुणाशी मारामारी झाली का. दुसऱ्या दिवसापासून लंबू चष्म्याच्या दुकानात कामावर जाता जाता आमच्याकडे थांबायला लागली. ती पलंगाच्या कडेवर, मी खाली पाटावर, तिच्या दोन गुडघ्यांत चिमटल्यासारखी. तिच्या पर्समधल्या काच पुसायच्या फडक्याला एक वास असायचा. अजूनही चष्म्याच्या दुकानावरून जाताना माझी मान आपोआप ताठ होते.

तिचा हात जड होता. मी कळवळायचे, पण बोलायचे नाही. मग मला एका जागी बसवायला तिने गोष्ट काढली. एक पाणघोडा एका उंच इमारतीत लिफ्टमन असतो. तो आत शिरला की माणसांना जागा उरत नाही, म्हणून सगळे जिन्याने जातात आणि त्याला फार एकटं वाटतं. रोज थोडी गोष्ट. रिबिनीची गाठ बसली की गोष्ट बंद, मग पाणघोडा कुठेही लटकलेला असो. "गोष्ट वेणीपुरतीच," ती म्हणायची, आणि पाठीवर एक थाप.

मी हळूच मागे हात नेऊन रिबीन ओढायचे. "सैल झाली." मी शाळेत आपणहून बोललेल्या पहिल्या वाक्यापेक्षा हे वाक्य जुनं आहे.

तिचं लग्न ठरलं तेव्हा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. मग मी केस कापून टाकले, आणि पाणघोडा तिथेच राहिला.

घरी आले आणि आईला म्हटलं, "मी लंबूची वेणी घालणार आहे. हीच भेट."

मला वाटलं आई हसेल. तिने कणकेचे हात धुतले आणि म्हणाली, "दोन घाल. एक घातलीस तर उताणं पडल्यावर मानेखाली टोचते. तुझ्या वेळी माझे केस मोकळे होते. नंतर कंगवा शिरेना, शेवटी तुझ्या आत्याने गुंता कात्रीने काढला."

आता खरी गंमत. मला वेणी घालताच येत नव्हती. वर्षानुवर्षं मी ती फक्त डोक्याच्या बाजूने ओळखत होते, कधी कुठला हिसका बसतो ते मला पाठ होतं, पण हात कोरे. मी फरशी पुसायच्या मॉपवर सराव केला. बाबा म्हणाले, "फरशी शाळेत जाणार का उद्यापासून?" मॉपची वेणी झक्क झाली. त्याला डोकं नसतं आणि तो मान हलवत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

त्या सकाळी मी शाळेच्या गणवेशातच तिच्याकडे पोचले. जिजू बॅग दाराशी ठेवून किल्ल्या वाजवत उभे होते. लंबूने दार उघडलं, माझ्या हातातला कंगवा आणि दोन रिबिनी पाहिल्या, आणि ती खुर्चीवर उलटी बसली, खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकून. पोट सांभाळून तिला तसंच बसता यायचं. ती बसलेली आणि मी उभी, तरी आमची डोकी जेमतेम एका उंचीला आली.

मी भांग पाडला. तो वाकडा गेला. मी बोलायला सुरुवात केली.

"तर लिफ्ट अडकलेली. पाणघोडा आत. बाहेर सगळे जमलेले."

लंबूची पाठ स्थिर झाली. "तुझ्या लक्षात आहे?"

"हलू नकोस. कुणी म्हणतंय, साखळ्या ओढा. कुणी म्हणतंय, थांबा, तो येईल आपला आपण."

"ओळखीचं वाटतंय हे प्रकरण," ती म्हणाली, आणि जिजू दाराशी फिसकन हसले.

पहिली वेणी कानामागून थेट बाहेर निघाली, किटलीच्या दांड्यासारखी. मी पेड उलटे घेत होते. मॉपला चालून गेलं होतं. लंबूने ती चाचपून पाहिली आणि पोट धरून हसली, "अगं बाई, हसवू नकोस, इथेच व्हायचं." दुसरी वेणी बरी झाली. मी रिबीन बांधली.

तिचा हात मागे आला आणि रिबीन सुटली.

"सैल झाली," लंबू म्हणाली.

मी पुन्हा घातली. पाणघोड्याला जिन्यावरून कुणीतरी गाणं म्हणून दाखवलं, कुणी फटीतून केळं सरकवलं. जिजूंनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी गाठ मारली. तिचा हात पुन्हा मागे आला. या वेळी मी तो धरला. गार पडला होता.

"उशीर होतोय, लंबू."

"मला नाही जायचं." हे ती खुर्चीच्या पाठीत बोलली.

मला रडू येत होतं, पण मी रडले असते तर दोघींनी खुर्ची सोडली नसती. मी रिबिनीची गाठ आवळली, दुहेरी, तिच्यासारखी जड हाताने.

"मग त्या पाणघोड्याचं काय?" तिने विचारलं.

"गोष्ट वेणीपुरतीच," मी म्हटलं आणि पाठीवर थाप दिली. "पुढची तिथे येऊन सांगते."

तिने दुहेरी गाठ चाचपून पाहिली. मग खुर्चीची पाठ धरून उठली, एवढी उंच, आणि जिजूंना म्हणाली, "चला. ही ऐकणाऱ्यातली नाही."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दवाखान्यात गेले. खोलीत औषधांचा वास होता आणि खिडकीशी पाळण्यात एक लाल, रागावलेली मुलगी झोपली होती. लंबूचा चेहरा सुजलेला, ओठ फुटलेले. किटलीच्या दांड्याची वेणी अजून तशीच होती, एकही केस सुटला नव्हता. दुसरी मोकळी होऊन उशीवर पसरली होती.

"एवढी दुहेरी गाठ मारली होती," मी म्हटलं. "सुटली कशी?"

"मी सोडली. आत्ता, तुझा आवाज जिन्यात आला तेव्हा." तिने रिबीन माझ्या हातात दिली आणि उशीवर मान वळवली. "बस. मध्येच अडकून राहिलाय बिचारा."