पूर्व विभागाची रिकामी जागा

काच तडकलेली, कुलूप गंजलेलं, अशी मी सूचनांचे कागद लावायची एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. कॅलिफोर्नियातल्या एका संत्र्यांच्या गावात, कीड-नियंत्रण मंडळाच्या दाराशेजारी मी टांगलेली आहे. मला ओकच्या फळ्यांतून घडवलं आर्लिंदो फुर्तादोने. तो मंडळावर पूर्व विभागाचा सभासद होता. मला भिंतीवर ठोकताना म्हणाला, "मंडळात काय चाललंय ते रस्त्यावरच्या माणसालाही वाचता आलं पाहिजे." केवढा मान वाटला होता मला!

मंडळावर पाच जण असतात. त्यांना कोणी मत देऊन निवडत नाही; काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, सभा चार वर्षांसाठी नेमते. अट एकच, त्या विभागात स्वतःची बाग हवी. जागा रिकामी झाली की माझ्यात सूचना लागते, मग अर्ज येतात. कागदावर सगळं कसं चोख!

आर्लिंदो वारला आणि त्याची जागा रिकामी झाली. ती त्याच्या बायकोला, इडालिनाला हवी होती. तिच्या बागेतल्या दोन झाडांत माव्याने पसरणारा रोग सापडला होता. ती म्हणायची, रोगट तेवढी काढा. मंडळाचा अध्यक्ष रॉइस टिबेट्स, त्याची बाग रस्त्यापलीकडेच. रोग आपल्याकडे येईल म्हणून त्याला मंडळाच्या मतांनी तिची सगळी बाग उपटायची होती. जागेची सूचना कधी लागते म्हणून दर रविवारी चर्चहून येताना ती माझ्यापुढे थांबायची, चष्मा पुसून वाचायची.

सूचना लागली हो! चिटणीस व्हर्नाने ती लावली आणि लगेच तिच्यावर फवारणीचं वेळापत्रक टाचलं. मी पडले लाकूड, मी काय बोलणार? इडालिना बिचारी वेळापत्रक वाचून घरी जायची. मुदत सरली. अर्ज एकच आला, रॉइसच्या जावयाचा. तोच नेमला गेला.

पुढच्या सभेत तीन विरुद्ध दोन मतांनी बाग उपटायचं ठरलं. तिसरं मत जावयाचं. इडालिना तडक बाहेर आली, मागोमाग सगळे.

"जागेची सूचना कुठे लावली होतीस, रॉइस?"

"तुझ्याच नवऱ्याच्या पेटीत. नीट वाचायला नको का, बाई?"

तिने व्हर्नाला मला उघडायला लावलं आणि वेळापत्रक उचललं. वरचा कागद उन्हाने पिवळाजर्द, खालचा पांढराशुभ्र.

"हे बघ! याला ऊनसुद्धा लागलं नाही, मग मला काय कपाळ दिसणार?"

"सूचना लावावी असं कायद्यात आहे. दिसावी असं नाही," रॉइस म्हणाला. जावई फिदीफिदी हसला. मला लाज वाटली.

बाग उपटण्याची सूचना मात्र व्हर्नाने माझ्या अगदी मधोमध लावली, चारही कोपऱ्यांना टाचण्या मारून. बत्तीस वर्षांची झाडं दोन दिवसांत आडवी झाली. आता इडालिना रविवारी माझ्याकडे न बघता जाते. तिचं तरी काय चुकलं?

मित्रांनो, मला नवी काच नको, कुलपाला तेलही नको. तुमच्या गावातही अशी पेटी असेल. ती उघडायला लावा आणि वरचा कागद उचलून बघा. आम्हाला खोटं बोलता येत नाही, पण आमच्याकडून ते वदवून घेतात.