मला डोकं हवं होतं

मित्रांनो, मी एक जुनी छत्री आहे. पूर्वी काळ्या रंगाची होते, आता कसल्या तरी रंगाची आहे. माझ्याकडून गोड गोष्टींची अपेक्षा धरू नका. मला पुस्तकांचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

कारखान्यात माझ्या काड्या बसवणारी बाई आम्हाला बजावायची, "माणसाचं डोकं कोरडं ठेवा, बाकी तुमचं काम नाही." तेवढीच शिकवण घेऊन मी बाहेर पडले आणि एका शिंप्याच्या हाती लागले. शिंपी कसला, चिकटपणाचा अर्क! खडू नखाएवढा झिजला तरी टाकणार नाही. मी फाटले तेव्हा कुणाच्या तरी पॅन्टच्या उरलेल्या करड्या कापडाचं ठिगळ मला लावलं. मूठ निघाली, तर तिथे दोऱ्याचं रिकामं रीळ ठोकलं.

पण पुस्तकाचं दुकान दिसलं की याच माणसाचा हात असा सैल सुटायचा! घासाघीस नाही, काही नाही. पाऊस आला की पुस्तकांचा गठ्ठा माझ्याखाली आणि हा बाहेर. एकदा बायको बरोबर होती, तर तिलाही बाहेरच ठेवलं.

"अहो, मी भिजतेय!"

"तू वाळशील गं. पुस्तक भिजलं की गेलंच."

त्या दिवसापासून ती आणि मी एका बाजूला झालो.

पुढे घराचं छत गळू लागलं, नेमकं पुस्तकांच्या फळ्यांवर. गवंडी बोलावला तर खर्च! शिंप्याने मला उघडून फळ्यांच्या वर बांधून टाकलं. ज्यांच्यापायी मी डोक्याला मुकले, त्यांचीच राखण माझ्या नशिबी आली. बायको माझ्याकडे बघून म्हणायची, "थांब, एकदा ही रद्दी घालवते. मग तू नि मी मिळून बाजारात जाऊ." त्या आशेवर मी दिवस काढले.

एका पावसाळी दुपारी शिंपी शिवलेले कपडे पोहोचवायला गेला आणि तिने रद्दीवाल्याला बोलावलं. तो दारात काटा घेऊन उभा राहिला. ती भराभर पुस्तकं उतरवू लागली. माझ्या काड्या आनंदाने कुरकुरल्या. पण तीही त्याचीच बायको! शिंप्याने पानापानांत खुणेसाठी कापडाच्या चिंध्या घातल्या होत्या. चिंध्या कशाला फुकट घालवायच्या, म्हणून ती एकेक पुस्तक उघडून त्या काढू लागली. एका पानावर तिची नजर पडली. एक ओळ वाचली, मग दुसरी. मानेवर पाणी टपकलं तशी ती माझ्याखाली सरकली.

इतक्या वर्षांनी माझ्याखाली माणसाचं डोकं आलं, मित्रांनो! पण ते पुस्तकात खुपसलेलं होतं.

"वहिनी, काटा लावू ना?"

"उद्या या, भाऊ."

तेवढ्यात शिंपी चिंब भिजून आला. जमिनीवर पसरलेली पुस्तकं पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, हे काय चालवलंयस?"

"गप्प बसा हो. एवढं पान संपू दे."

रद्दीवाला पुन्हा आला नाही. मी अजून इथेच बांधलेली आहे. मित्रांनो, पुस्तकं खुशाल घ्या, पण आधी छत दुरुस्त करा आणि आपल्या म्हाताऱ्या छत्रीला सुट्टी द्या. आता माझ्याखाली रोज दोन डोकी असतात, आणि वर बघायला एकालाही फुरसत नाही.