बर्नडीनच्या तळघरातली रडकी भिंत

रविवारी दुपारी बर्नडीन विटचिकच्या तळघरात बेचाळीस माणसं, अकरा कॅसरोल आणि कॉफीचं एक भलंमोठं उकळतं भांडं एवढा जामानिमा कसाबसा मावला होता. बाहेर शून्याखाली वीस अंश थंडी. आत सगळे घामाघूम, आणि सगळ्यांच्या नजरा उत्तरेच्या भिंतीवरच्या हातभर तपकिरी डागाला चिकटलेल्या. डागात एक उभी आकृती दिसायची, खांदे झाकलेली, छातीशी काहीतरी घट्ट धरलेली. ती आकृती म्हणजे येशूची माऊली आणि ते काहीतरी म्हणजे बाळ येशूच, असं ब्रदर ऑर्विलनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

ब्रदर ऑर्विल नेमके कुठल्या चर्चचे, हे लिपोवो गावात कुणी विचारलं नव्हतं. पूर्वी ते दारोदार व्हॅक्यूम क्लीनर विकायचे, आणि आवाज अजून तोच होता.

"मागच्या रविवारी आपण तीस होतो, माऊलीनं चमचाभर अश्रू दिले. आज बेचाळीस आहोत. आज बघा," ते म्हणाले. "श्रद्धा मोजता येते, मंडळी. माणसं वाढवा, अश्रू वाढतील."

जपमाळ सुरू झाली. अर्धीही झाली नसेल, तोच डागावर बारीक थेंब फुटले आणि ओघळायला लागले. बायका हुंदके देऊ लागल्या. ब्रदरनी ते पाणी गोळा करायला लगबगीनं बाटल्या लावल्या.

जिन्याच्या खालच्या पायरीवर लव्हर्न झिंडा हाताची घडी घालून उभी होती. गावच्या शाळेत तिनं चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं आणि समोर गुडघे टेकलेल्यांपैकी निम्म्यांना एकदा तरी नापास केलं होतं. ती भिंत बघायला आलीच नव्हती. ती आली होती धाकट्या बहिणीच्या डोळ्यांसाठी. बर्नडीनला काचबिंदू होता, रोज संध्याकाळी औषधाचे थेंब घालावे लागत. तीन आठवडे तिनं ते बंद केले होते आणि भिंतीचं पाणी डोळ्यांत घालत होती.

गर्दी पांगल्यावर लव्हर्ननं विचारलं, "औषध कुठंय?"

"कचऱ्यात. ब्रदर म्हणाले, एका डोळ्यात दोन प्रकारचे थेंब माऊलीला चालत नाहीत."

"आणि डॉक्टर काय म्हणाले? गेलेली नजर परत येत नाही, हेच ना? अगं, आंधळी होशील."

"तुझं पोट दुखतंय, लव्हर्न. माऊली माझ्या रेच्या भिंतीत आली, तुझ्या नाही." रे हा तिचा वारलेला नवरा; तळघराचं सगळं काम त्यानंच केलं होतं. बर्नडीन कॉफीचे कप गोळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, "रे गेल्यापासून या घरात कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. आता बघ किती माणसं येतात."

बर्नडीनचं खरं दुखणं कुठं होतं ते लव्हर्नला त्या क्षणी कळलं, आणि ते आपल्याला आधी का कळलं नाही म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बर्नडीनच्या घराभोवतीचा बर्फ उपसायला गेली. हे काम रेचं होतं. उत्तरेच्या बाजूला फावडं मारता मारता जमिनीलगत तळघराच्या खिडक्या उघड्या पडल्या. एक, दोन, तीन. लव्हर्न थबकली. आतून त्या भिंतीला दोनच खिडक्या होत्या.

तिसरीच्या काचेवर आतून बर्फ धरला होता आणि त्यामागे पडदा दिसत होता. मग तिला आठवलं. रेनं तळघरात बार केला तेव्हा बाटल्यांच्या फळीच्या आड ही खिडकी येत होती. ती काढायची, विटा लावून बुजवायची, थंडी अडवायला फोम भरायचा, एवढा व्याप रे कशाला करतोय? त्यानं आतून पातळ फळकूट ठोकलं, वर रंग फासला आणि बाहेरून फळकुटाची पाठ दिसू नये म्हणून पडदा तसाच ठेवला. लिपोवोतल्या निम्म्या घरांत हीच हुशारी केलेली असते.

पुढच्या रविवारी पंचेचाळीस माणसं जमली. जपमाळ निघणार तोच लव्हर्न पुढे आली.

"ब्रदर, आज प्रार्थना मी सांगितली तर चालेल?"

"माऊली भेद करत नाही," ब्रदर उदारपणे म्हणाले.

"छान. मंडळी, शुक्रवारच्या फिश फ्रायचा, आपल्या गावजेवणाचा मेनू म्हणा. मोठ्यानं. तळलेला कॉड मासा, बटाट्याचे पॅनकेक, कोबीची कोशिंबीर, राय ब्रेड."

लोक बावचळले. पण झिंडाबाईंनी म्हणा म्हटल्यावर म्हणायचं, ही सवय जुनी. पहिल्या आवर्तनात सगळे पुटपुटले. पाचव्यात क्लॅरन्स स्ट्रॉइक या शेजाऱ्याला चेव आला आणि त्यानं डोळे मिटून टार्टर सॉसही जोडला. दहाव्या आवर्तनाला भिंत रडायला लागली.

"हा अपमान माऊलीला सहन झाला नाही," ब्रदर घाईनं म्हणाले. "म्हणून रडली."

"म्हणजे भक्तीनंही रडते आणि अपमानानंही रडते. ठीक." तिनं रुमालानं भिंत कोरडी पुसली. "आता सगळे वर चला, कॉफीचं भांडं घेऊन. ब्रदर, तुम्ही एकटे खाली बसून जप करा. तुमच्याइतकी श्रद्धा कुणाची आहे?"

अर्ध्या तासानं सगळे खाली आले तेव्हा ब्रदरचा घसा बसला होता आणि भिंत खडखडीत कोरडी होती.

"क्लॅरन्स, फ्रिजमधली बियर टेबलावर ठेवली की बाटलीला पाणी सुटतं. तेव्हा तू गुडघे टेकतोस का?"

"कधीकधी, बाई."

"ते तुमच्याच श्वासाचं पाणी. पंचेचाळीस माणसं आणि उकळती कॉफी. वाफ गार जागी जाऊन बसते, आणि त्या दोन खिडक्या सोडल्या तर या भिंतीत गार जागा एकच आहे. बर्नडीन, हे डागाचं फळकूट काढू?"

बर्नडीननं हातातला कप खाली ठेवला. "काढ," ती म्हणाली.

क्लॅरन्सनं पहार लावली. फळकूट एका झटक्यात सुटलं. मागे बर्फाळलेली काच होती आणि ओलागच्च पडदा. पडद्यावर तपकिरी अस्वल उभं होतं, छातीशी मासा कवटाळून. त्याचाच रंग फळकुटातून पाझरला होता.

"तळ्यावरच्या झोपडीसाठी मीच शिवला होता हा," बर्नडीन म्हणाली. "सहा आठवडे मी अस्वलापुढे गुडघे टेकले."

कुणीतरी खुसखुसलं आणि मग सगळं तळघर हसायला लागलं. त्या गडबडीत ब्रदर ऑर्विल बाटल्या टाकून सटकले. गाडी सुरू झाल्याचा आवाज तेवढा आला.

बर्नडीन मात्र हसत नव्हती. "मग रेनं काही पाठवलंच नव्हतं?"

"रेचा तुझ्यावर जीव होता. तो खरा. पण त्याचं काम कच्चं होतं, तेही खरं," लव्हर्न म्हणाली. "आणि मंडळी, तुम्हालाही सांगते. हात जोडा, माझी ना नाही. पण भिंत रडली तर आधी तिच्यामागे काय आहे ते बघा, आणि औषध कुणाच्याही सांगण्यावरून टाकू नका. मला ही खिडकी सापडायला फक्त तीनपर्यंत मोजावं लागलं. तेवढं तर मी तुम्हा सगळ्यांना शिकवलंय."

लोक मान खाली घालून कोट शोधायला लागले. बर्नडीन खुर्चीत बसली होती. "आता पुढच्या रविवारी कोण येणार गं?"

क्लॅरन्स जिन्यात थांबला. "खिडकी बुजवायला मी येतोय. नीट, फोम भरून. आणि एका माणसाचं काम नाही ते. जेवायला काय करशील?"

लव्हर्ननं पर्समधून औषधाची नवी बाटली काढली. बर्नडीननं मान मागे टाकली आणि डोळे उघडे धरले. थेंब पडला, गालावरून ओघळला, आणि या वेळी तो गोळा करायला कुणी धावलं नाही.