शंभर पाण्याचं तूप

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दहा दिवस राहिले आणि माझ्या हातावर मांडा फाटला. एकदा नाही, तीनदा.

पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत पसरायचा आणि उलट्या खापरावर टाकायचा, हे अख्ख्या सावद्यात माझ्यासारखं कोणाला येत नाही. माझ्या जावेला विचारा, जळून का होईना, हेच सांगेल. पण औंदा तळहातांना अशा भेगा पडल्या की मांडा त्यांतच अडकायचा. आणि आखाजीला धुळ्याहून लेक येणार, चारुलता. गेल्या साली हात असेच होते, तिला विकतचे मांडे खाऊ घातले. खाऊन वर सासरच्या बोलीत म्हणाली, "माय, चांगला शेतस." चांगले आहेत म्हणे. ते 'चांगला' वर्षभर काळजात रुतून बसलं होतं.

जळगावहून आणलेलं महागाचं क्रीम महिनाभर चोपडून झालं होतं. भेगा मिटेनात, वर आग. नात डिंपल औषधांचं शिकते. तिने डबी फिरवून फिरवून वाचली.

"आजी, तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत ना? म्हणून यात कारखान्यात बनवलेला इमल्सिफायर घालतात. दोघांना धरून ठेवतो."

"म्हणजे मध्यस्थ."

"हो. पण त्यातले काही साबणाच्या जातीचे. सगळ्यांना बाधत नाहीत, पण तुझ्या फाटक्या हातांचं उरलंसुरलं तेलही धुऊन नेत असतील."

"असला मध्यस्थ आपल्या भाऊबंदकीतही आहे," मी म्हटलं. "भांडण मिटवतो अन् जाताना बरणी उचलतो. दुसरा नाही का कोणी?"

"आहेत की. सोयाबीनमधून निघणारं लेसिथिन, जवसाचा चिकट रस. आणि एक तर मध्यस्थाशिवायच. तूप, पाणी अन् तांब्याचं ताट. शंभर वेळा धुवायचं, तूप पाणी पितं."

"तूप पाणी पितं? उद्या म्हणशील, केळीला कापूस लागला."

उन्हाळ्यात तूप पातळ होतं, म्हणून तिने फ्रिजमध्ये थिजवलं. सकाळी ताटात घेतलं, माठाचं पेलाभर पाणी ओतलं आणि घासायला बसली. तूप इकडे पळालं, पाणी तिकडे. वीस वेळा केलं. पोरीचं तोंड उतरलं.

"आजी, पुस्तकात तर होतं म्हणून..."

मी बघत होते. मांड्याची कणीकही अशीच रुसते. एकदम पाणी ओतलं की तरंगते. घोट घोट पाजावं, तळव्याने रेटावं, जिरलं की पुढचा घोट.

"सर तिकडे. तान्ह्या लेकराले कोणी हंड्यानं दूध पाजतं का?"

चुळकाभर पाणी शिंपडलं, तळव्याच्या टाचेने रेटलं. उरलं ते निथळलं, पुन्हा चुळका. डिंपल मोजत होती. दहाव्याला तुपाचा पिवळेपणा फिकटला. चाळिसाव्याला कणी गेली. सत्तरीनंतर माझा हात थांबेना. ताटात लोण्याहून मऊ, चुन्यासारखं पांढरं काहीतरी फुगून आलं होतं, हाताला गार. घासताना भेगांची आग केव्हा थांबली, कळलंही नाही.

साठ वर्षं मी तूप कढवलं, वाढलं, दिव्यात जाळलं. त्याच्या पोटात पाण्याला एवढी जागा आहे, हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं.

"शंभर," डिंपल हळूच म्हणाली. मी बोटभर उचलून अंगठ्याजवळच्या भेगेत भरलं.

"थोडं थोडंच कर हां आजी. पाणी आहे यात, टिकणार नाही."

आखाजीपर्यंत दोनदा केलं. सकाळ-संध्याकाळ हातांना लावलं.

आखाजीला चारुलता चुलीपुढे येऊन बसली. अंगठ्याजवळची एक भेग अजून पुरती मिटली नव्हती. मी उंडा उचलला. हातांवर फिरवला. कोपरापर्यंत आला, त्या भेगेवरून सरकला, आणि अडकला नाही. आणखी पसरला. इतका पातळ झाला की त्याच्या पलीकडे मला लेकीचं तोंड दिसत होतं.

ते उघडंच राहिलं होतं.