कारिजाची बायको

खावरने शलवार वर खोचून कारिजाच्या मुखाशी पाण्यात पाय ठेवला, तर घोटासुद्धा बुडेना. पूर्वी इथे कमरेइतकं पाणी असायचं, बसून डोकं बुडवता यायचं. आता ती तांब्या आडवा धरून जमेल तेवढं पाणी गोळा करत होती आणि अंगावर घेत होती. नवऱ्याला भेटायला यावं आणि त्याने असा हात आखडता घ्यावा, याची तिला लाज वाटत होती.

दहनार गावात कारीज, म्हणजे डोंगरातलं पाणी गावाला आणणारा भुयारी पाट, हा पुरुष. डोंगराच्या पोटातून अंधाऱ्या भुयाराने तो चालत येतो, वाटेतल्या विहिरींच्या तोंडांनी श्वास घेतो आणि गावाशी पोचल्यावर उजेड बघतो. एकटा राहिला की खंगतो, म्हणून गावातली एखादी विधवा रीतसर निकाह लावून त्याला देतात. तिने त्याच्या पाण्यात अंघोळ करायची, दुसऱ्या पुरुषाचं नाव घ्यायचं नाही. बदल्यात गाव तिला वर्षाचा गहू देतं. हसू येत असेल तर खुशाल हसा. खावरचा पहिला नवरा तिला उपाशी ठेवून मारायचा. या दुसऱ्याने तिच्यावर कधी हात उगारला नाही, आणि तिची मुलगी सनोबर याच्याच गव्हावर वाढली.

"काय गं खावर, नवरा रुसला वाटतं?" खाली धुणं आपटणारी तूबा ओरडली. "त्या फेरीवाल्याशी फार हसत होतीस म्हणे!"

"त्या बोळक्याशी? त्यापेक्षा तुझा नवरा काय वाईट? पण तो तर तुलाही आवडत नाही!"

बायका खिदळल्या. खावरही हसली. पण घरी गेल्यावर ती रडली, कारण तिलाही तसंच वाटत होतं. आपलंच काहीतरी चुकलं असणार. तिने रोजे धरले, कडाक्याच्या थंडीतसुद्धा अंघोळ चुकवली नाही. पाणी मात्र उतरतच गेलं.

खरं कारण वर डोंगराच्या कुशीत धडधडत होतं. गावचा मुखिया जहानबख्श याने कारिजाच्या मूळ विहिरीच्या अंगाला खोल बोअर पाडून इंजिन बसवलं होतं. त्या जागेत आजे-पणजे साधं फावडंही मारू देत नसत. डोंगराला परवडेल तेवढंच कारीज देतो, आणि गाव त्या बेताने पेरायचं. पाणी कमी असलं की आधी लसूणघास वाळू द्यायचा, मग खालचा गहू, आणि उरलेलं डाळिंबांसाठी राखायचं. इंजिनाला असली रीतभात कुठली? भर उन्हाळ्यात जहानबख्शचं साखरबीट हिरवंगार, आणि निम्मं गाव तिथे खुरपायला. पाण्याच्या पाळ्या लावण्यात ज्याचा जन्म गेला त्या पाटकरी मशदी यदुल्लाचा मुलगाच ते इंजिन चालवायचा.

मध्ये एकदा इंजिन बंद पडलं. त्याचा सुटा भाग अराक शहरातून यायचा होता. तेवढ्या दिवसांत खावरच्या पोटऱ्या बुडतील इतकं पाणी चढलं. नवऱ्याचा राग गेला म्हणून तिला आनंदाने रडू फुटलं. मग वरची धडधड पुन्हा सुरू झाली आणि पाणी पुन्हा घोट्याखाली गेलं. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ती तडक यदुल्लाकडे गेली.

तो फावड्याचा दांडा चाचपत म्हणाला, "मला काय कळत नाही होय, खावर? पण पोराच्या पोटाचा प्रश्न आहे. तू गप्प राहा."

आणि ती गप्प राहिली. इथवर ठीक होतं.

पण डाळिंबांची पानं गळायला लागली आणि मुखिया यदुल्लाला घेऊन तिच्या दारात आला. चहा झाला. खडीसाखर दातात धरून मुखिया म्हणाला, "खावर, वाईट वाटून घेऊ नकोस. तू आता थकलीस. त्याला तरुण बायको हवी. तुझी सनोबर विधवा होऊन घरी आलीच आहे. येत्या जुम्म्याला निकाह लावू. गहू मी माझ्या घरचा देईन."

खावरने पेला खाली ठेवला. "अहो, तिचं अराकच्या हशमतशी ठरलंय! रोट्यांचा तंदूर आहे त्याचा, माणूस चांगला आहे. पोरगी बावीस वर्षांची आहे हो!"

"गाव जगलं तर लग्नं. आणि माझ्या इंजिनाचं नाव मध्ये आणू नकोस. माझं पाणी वेगळं, खोलातलं."

खावरने यदुल्लाकडे पाहिलं. तो पेल्यातला चहा बघत होता.

ते गेल्यावर सनोबर पडद्याआडून बाहेर आली. तिचे डोळे सुजले होते. आईला म्हणाली, "नने, मी करते. सगळ्या गावाचे शिव्याशाप घेऊन मी अराकला सुखाने राहीन का? आणि खरंच पाणी आलं तर?"

"नाही येणार."

"तुला काय माहीत?"

"मला नाही तर कुणाला माहीत असणार?" खावर एवढंच म्हणाली आणि पिठाच्या रांजणाकडे गेली. तळाशी थोडंसंच पीठ होतं, कारिजाच्याच पाण्यावर पिकलेल्या शेवटच्या गव्हाचं.

जुम्म्याला सगळं गाव मुखाशी जमलं. आरसा आला, मेंदी आली. लाल ओढणीखाली सनोबर उभी होती. डफ वाजायला लागला, तेवढ्यात खावर आली. अंगावर नखशिखांत काळे कपडे, आणि डोक्यावर परात. डफ आपोआप थांबला.

तिने परात दगडावर ठेवली. परातीत हलवा होता. मयताच्या तिसऱ्याला करतात तसा, चमच्याच्या कडेने नक्षी काढलेला.

"ए बाई, हे काय अभद्र?" मुखिया कडाडला.

"माझा नवरा गेला, त्याचा हलवा आहे." खावर म्हणाली. "रोज त्याच्या अंगाला माझं अंग लागतं. मला कळत नाही का तो गेला ते? मेलेल्या माणसाशी पोरीचा निकाह लावता?"

"वेड लागलंय हिला! तो वाहतोय की!"

"जिवंत आहे म्हणता? मग बरंच झालं." ती मुखियाकडे नाही, लोकांकडे वळली. "मग वरचं इंजिन बंद करा. आत्ता जाऊन बंद करा. तो उठून बसतो की नाही ते मी दाखवते. मग मी त्याची बायको आहेच, दुसरी कशाला? आणि ते जमत नसेल, तर हा हलवा घ्या, त्याच्या नावाने मयताचा फातिहा म्हणा, आणि माझ्या पोरीला सोडा."

वरून धडधड ऐकू येत होती. तूबाने मान खाली घातली, तिची दोन्ही मुलं बिटाच्या शेतात होती. ज्याच्या त्याच्या घरातलं कुणी ना कुणी तिथे होतंच. खावर एकेका तोंडाकडे बघत गेली आणि शेवटी यदुल्लापाशी थांबली.

"मशदी, तू सांग. तू सगळ्यांच्या पाळ्या लावल्यास. बंद करायला सांगतोस पोराला?"

म्हाताऱ्याने वर डोंगराकडे पाहिलं, मुखियाकडे पाहिलं. मग फावडं जमिनीवर आडवं ठेवलं, पुढे आला, आणि परातीतला चिमूटभर हलवा उचलून तोंडात टाकला. हात वर करून तो फातिहा म्हणू लागला.

मग तूबा आली. तिच्यामागून बाकीचे, एकेक करत, खाली बघत. मुखिया पाय आपटत निघून गेला. त्याला कुणी अडवलं नाही आणि त्याच्यामागे कुणी गेलंही नाही. सनोबरने लाल ओढणी काढली आणि आईच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. पोरगी सुटली होती.

खावरने तिला थोपटलं, पण तिचे डोळे परातीवरच होते. हलवा ढवळताना सगळा वेळ तिला वाटत होतं की याला कुणी हात लावणार नाही. कुणीतरी एक जण म्हणेलच, थांबा, वर जाऊन इंजिन बंद करू.

परात रिकामी झाली. ती धुवायला खावर सवयीने पाण्याकडे वळली, आणि मग न धुताच ती कडेवर घेऊन घरी गेली.